समोरच्या दुकानातले सिदूअण्णा

परवा पुन्हा तेच झालं. एका जुन्या जीपवाल्यानं माझ्या दुकानाच्या दारात गाडी उभी केली, खाली उतरला आणि माझ्याकडं पाठ करून समोरच्या बंद शटरकडं बघत म्हणाला, "आवं, हितं सिदूअण्णा बसायचे, ते कुठं गेले?"

"गावाला गेले. दीड वर्ष झालं. काय काम होतं?"

"गाडीचा काटा चालंना."

"मग आणा की आत. मी तेच काम करतो."

त्यानं माझी पाटी वाचली. भिंतीवरचं आयटीआयचं सर्टिफिकेट लांबूनच बघितलं. टेबलावरचा गाडी तपासायचा स्कॅनर बघितला. आणि मग विचारलं, "परत कवा येणार हायती?"

यावर माणसानं काय बोलावं? रहिमतपुरात कोरेगाव रस्त्याला माझं दुकान चौदा वर्षं आहे. त्याआधी चार वर्षं शिरवळच्या एका कारखान्यात गाड्यांचं वायरिंग जोडायच्या लाइनवर मी उभा होतो. माझं काम वाईट आहे असं कुणी तोंडावर म्हणणार नाही. पण माझ्या दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्याची रुंदी सोडली तर नाकासमोर, अकरा वर्षं सिदूअण्णा बसले, आणि ती अकरा वर्षं मी त्यांच्यावर जळलो. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा? माणूस चांगला होता म्हणून जळणं कमी होत नाही. उलट जास्त होतं, हा माझा अनुभव आहे.

अण्णा माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडचे. घरात मेंढरं. वडील आणि आजे मेंढरांमागं हिंडले. अण्णा मात्र विशीत मुंबईला गेले आणि एका टॅक्सीच्या गॅरेजात वायरमन म्हणून पंचवीस वर्षं राबले. मुंबईचा कंटाळा आला, पण माणात गाड्या कुठल्या? म्हणून ते आमच्या गावात आले. सातारा, कोरेगाव, विटा, सगळीकडच्या गाड्या इथून जातात हा त्यांचा हिशेब. त्या गाड्या माझ्या दारात थांबत होत्या, एवढंच त्यांनी लक्षात घेतलं नाही.

बुटका माणूस, भरघोस मिशा, डोक्याला पांढरी टोपी, खाकी फुल शर्ट, आणि चष्मा मळक्या दोरीनं गळ्यात अडकवलेला. दुकानात हत्यारं म्हणाल तर दोन पक्कडी, चार पाने, स्क्रूड्रायव्हर, पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि बत्ती. बत्ती म्हणजे इंडिकेटरचा छोटा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन तारा. माझ्याकडं करंट मोजायचे तीन मीटर होते. मी ते काचेच्या कपाटात, रस्त्यावरून दिसतील असे ठेवले होते.

दुकानामागं त्यांनी एक शेळी बांधली होती. गिऱ्हाइकाला तिच्या दुधाचा चहा. पण गाडीचा काटा हलल्याशिवाय चहा ठेवायचा नाही, असा त्यांचा नेम. "आधी काटा चढू दे, मग भांडं चढवू," म्हणायचे. लोक त्या चहासाठी थांबायचे. माझी बायको सुनंदा शेळीला भाकरीचे तुकडे घालायला जायची आणि तीही चहा पिऊन यायची. एकदा ती घरी म्हणाली, "अण्णांच्या चहाला चव असती बाई." मी दोन दिवस घरातला चहा घेतला नाही. मग एकदा मीच शेळी घ्यायचा विषय काढला, तर म्हणाली, "आन् लेंड्या कोण काढणार? तुमचा मीटर?"

काट्यांच्या कामात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डावर दोन-तीन काटे असतात. डिझेलचा, इंजिनाच्या गरमीचा, कधी बॅटरीचा. हे काटे बिघडले की गाडी चालते, पण चालवणाऱ्याचं काळीज थाऱ्यावर राहत नाही. असं काम नवे मिस्त्री टाळतात, कारण मेहनत फार आणि नाव कमी. अण्णा तेच काम हौसेनं घ्यायचे.

गाडी आली की बॉनेट उघडायचं नाही. ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं आणि म्हणायचं, "चल, नाक्यापतूर जाऊन येऊ." जाता-येता ते काट्याकडं बघायचेच नाहीत, ड्रायव्हरकडं बघायचे. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "रवी, त्येची नजर काट्यावर किती येळा जाती ती बघायची. घडीघडीला जात आसंल तर बिघाड नवा. जातच नसंल तर जुना. ड्रायव्हर तोंडानं कायबी सांगतो." मग गाडी उभी करून दिवे लावायला सांगायचे, हॉर्न वाजवायला सांगायचे, वायपर फिरवायला सांगायचे. दिवे लावल्यावर काटा जागचा हलला, की बिघाड काट्यात नाही, गाडीच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे तार जिथं गाडीच्या लोखंडाला जोडतात तिथं आहे, हे त्यांना बसल्या जागी कळायचं. गावातली टवाळ पोरं म्हणायची, सिदूअण्णा गाडीकडनं कवायत करून घेतात.

मीही एकदा एका गिऱ्हाइकाला म्हटलं, चला, नाक्यापर्यंत जाऊन येऊ. त्यानं विचारलं, "कशाला? डिझेल तुमी भरणार का?" प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट शोभत नाही.

माझा पहिला मोठा पराभव सांगतो. सांगलीचे एक वकील, त्यांची सासुरवाडी आमच्या गावची. वडिलांच्या वेळची जुनी मोटार त्यांनी जपून ठेवली होती. चावी फिरवली की अर्ध्या मिनिटात गरमीचा काटा तांबड्यात जाऊन बसायचा. इंजिन तर गार. मी इंजिनावरचा सेन्सर बदलला. काटा तांबड्यातच. साताऱ्याहून शोधून काटा आणला, तो बदलला. नवा काटासुद्धा तांबड्यात. तीन दिवस गाडी माझ्या दारात. चौथ्या दिवशी मी म्हणालो, "साहेब, सगळं वायरिंगच नवं टाकावं लागेल." वकील चहा पिऊन येतो म्हणाले आणि रस्ता ओलांडला.

पाच मिनिटांनी अण्णा हात पुसत आले. "रवी, हात लावू का?"

हे आणखी एक. माझ्या दारातल्या गाडीला ते न विचारता कधी शिवले नाहीत. दिवसाढवळ्या हरवायचं ते हरवायचं, आणि वर परवानगी मागायची! नाही म्हणायचीही सोय नाही.

त्यांनी वकिलांना विचारलं, "साहेब, पेट्रोल किती हाय?"

"टाकी फुल दाखवतोय की."

"कवा भरली?"

"भरली नाही. परवा दहा लिटर टाकलं."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. दहा लिटरवर टाकी भरलेली दाखवतेय, म्हणजे पेट्रोलचा काटासुद्धा खोटं दाखवत होता, आणि तीन दिवसांत मी त्याच्याकडं बघितलंच नव्हतं. दोन्ही काटे एकदम चढलेत, तर दोष दोघांच्या सामायिक जागी असणार. डॅशबोर्डामागं पत्र्याची एक छोटी डबी असते, ती दोन्ही काट्यांना बेताचा करंट देते. तिच्या अर्थिंगला गंज चढला होता, म्हणून काट्यांना पुरा करंट जात होता. अण्णांनी पॉलिश पेपर घासला, स्क्रू आवळला. दोन्ही काटे खाली आले.

"आमचा म्हातारा सांगायचा," अण्णा म्हणाले, "एक मेंढरू खात न्हाई म्हणून लगी त्येच्या तोंडात बोट घालू नगं. आधी बाकीची खात्यात का बघ. समदीच खात न्हाईत, तर रानात काय तरी इपरीत हाय."

आणि जाताना वकिलांना सांगितलं, "रवीनं बाकीचं समदं तपासून ठिवलं हुतं, म्हणून मला चटशिरी घावलं." वकिलांनी मान डोलावली. पण पुढच्या वेळी गाडी त्यांनी समोर लावली ती लावलीच.

अण्णांचा आणखी एक ठरलेला प्रश्न होता. "ह्येच्या आदी गाडीचं काय केलंतासा?" लग्नासाठी रंगवून आणलेली एक जीप अशीच आली होती. डिझेलचा काटा शून्यावर मेलेला. मी अर्धा दिवस वायर तपासत बसलो होतो. अण्णांनी लांबूनच विचारलं, रंग कवा मारला? मंगळवारी. काटा कवा पडला? बुधवारी. झालं. टाकीची अर्थिंगची तार जिथं लोखंडाला टेकते, तिथंच रंगाऱ्यानं फवारा मारला होता. नखानं रंग खरवडला आणि काटा उठला. नवरदेवाचा बाप खूश होऊन पेढे देऊन गेला. अण्णांनी त्यातले अर्धे माझ्याकडं धाडले. मी ते शेजारच्या न्हाव्याला देऊन टाकले.

एवढंही मी सोसलं असतं. गिऱ्हाइकं काय, येतात जातात. पण माझे आप्पा, म्हणजे वडील, हा माझा खरा दुखरा भाग. आप्पांनी तीस वर्षं ट्रक चालवला. मिस्त्री लोकांची पारख त्यांना आहे आणि मला आयुष्यात एकाच माणसाकडून ऐकायचं होतं की, रव्या, तू चांगला मिस्त्री आहेस. मी शिरवळची नोकरी सोडली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "बघ. हात चालला तर ठीक." हात चालतोय की नाही हे त्यांनी पुढं कधी सांगितलं नाही. रोज दुपारनंतर माझ्या दुकानातल्या खुर्चीवर येऊन बसायचे, पेपर वाचायचे आणि अधूनमधून चष्म्याच्या वरून माझ्या हातांकडं बघायचे. तेवढं मला पुरत होतं.

ती खुर्चीही गेली. ती गेली एका खंडेनवमीला. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू आणि झेंडू वाहतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. दोन्ही दुकानांत पूजा झाली होती. अकराच्या सुमाराला कोरेगावकडून एक जीप आली. मागं एक म्हातारे गृहस्थ निजलेले, त्यांना सांगलीला दवाखान्यात न्यायचं होतं. गरमीचा काटा तांबड्याच्या पार टोकाला, आणि ड्रायव्हर रडकुंडीला आला होता. "इंजिन बसलं तर वाटंतच ऱ्हाऊ वो आमी."

खरं सांगायचं तर मला त्या म्हाताऱ्यांचं फारसं वाटलं नाही. आप्पा खुर्चीवर बसलेत, अण्णा समोरून बघताहेत, आणि गाडी माझ्या दारात आहे, एवढंच मला दिसत होतं. मी पाटावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. सुनंदा म्हणाली, "आवं, पूजेतला हाय." मी म्हटलं, माणसाचा जीव मोठा का पूजा मोठी? ऐकायला किती बरं वाटतं बघा. मी डॅशबोर्ड खोलायला घेतला. स्क्रूड्रायव्हरचं कुंकू माझ्या हाताला आणि गाडीच्या डॅशबोर्डाला लागलं. पंधरा मिनिटं गेली. हाती काही लागलं नाही.

तेवढ्यात अण्णा आले. हात रिकामे. "रवी, बघू का?" बॉनेट उघडलं, वाकले आणि रेडिएटरच्या रबरी नळीवर तळहात ठेवला. आरामात ठेवला आणि तसाच राहू दिला. इंजिन खरंच उकळलं असतं तर हात पोळला असता. मग इंजिनावरच्या सेन्सरची तार बोटांनीच उपसली. डॅशबोर्डावरचा काटा सरसर खाली आला.

"तार चांगली हाय, सेन्सर मेलाय," ते ड्रायव्हरला म्हणाले. "इंजिनाला कायबी झालं न्हाई. तार अशीच लोंबू दे आन् नीट सांगलीला जा. काटा काय दाखवणार न्हाई. वाटंत दोन-चार ठिकाणी थांबून ह्या नळीला हात लावून बघायचा. हात ठरतोय तवर भ्यायचं न्हाई. सेन्सर उद्या-परवा येताना बदलू."

जीप गेली. दोन दिवसांनी तीच गाडी परत आली ती समोर थांबली, आणि म्हातारे गृहस्थ बरे आहेत हे मला रस्त्यापलीकडून ऐकू आलं.

आप्पा त्या दिवशी पेपरची घडी घालत म्हणाले, "हत्यार घ्यायच्या आदी हात लावून बघायचं आसतं रं." आवाज चढवला नाही. रागावलेही नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते समोर अण्णांच्या बाकड्यावर बसायला लागले. मी दिवसभर काम करायचो आणि समोर माझा बाप दुसऱ्याच्या हातांकडं कौतुकानं बघत बसलेला दिसायचा. त्या वर्षांत मी फार कडू झालो. अण्णा अडाणी आहेत, नवीन गाडीत त्यांना ओ की ठो कळत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. ते खरंही होतं. नव्या गाडीत काट्याच्या जागी पडदा असतो, तिथं स्कॅनरच लागतो. पण मी ते खरं आहे म्हणून सांगत नव्हतो.

पुढं जुन्या गाड्या कमी होत गेल्या. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. गावाकडं भाऊ वारले, मेंढरं आणि थोडकं रान बघायला कुणी उरलं नाही. तेव्हा अण्णांनी दुकान आवरायचं ठरवलं. मला आनंद झाला. झाला म्हणजे झाला. त्या महिन्यात माझी भूक वाढली होती.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या जुन्या जीपमध्ये सामान भरलं. हत्यारांची पेटी, पत्र्याचं कपाट, मागं शेळी बांधलेली. स्वतः आंघोळ करून नवा पांढरा सदरा घातलेला, त्या माणसाला खाकीशिवाय मी पहिल्यांदाच बघत होतो. आप्पा त्यांच्याजवळ बाकड्यावर बसले होते. मी दुकान झाडत होतो. आप्पांना ऐकायला कमी येतं, त्यामुळं ते मोठ्यानं बोलतात.

"सिदू, तू निघालास. आता हितं काट्याचं काम करणारं कोण ऱ्हायलं?"

"रवी हाय की."

"हाय," आप्पा म्हणाले. "हाय म्हणायचं."

झाडू माझ्या हातात तसाच राहिला. मग मी आत गेलो आणि उगाच कपाटातले मीटर पुसत बसलो. आप्पा गोळी घ्यायला घराकडं गेले. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. आप्पा परत रस्त्यावर दिसले तसे अण्णा माझ्या दारात आले.

"रवी, वाईच माझ्या गाडीचा काटा बघतोस का? डिझेलचा पडलाय. आता निघायच्या टायमाला. माझी नजर तारंला लागत न्हाई गड्या."

आप्पा थांबले. कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, ट्रकच्या कामावर उभे राहायचे तसे.

मी स्कॅनर घेतला नाही, मीटरही घेतला नाही. गाडीत बसलो, चावी फिरवली. गरमीचा काटा बरोबर, डिझेलचा शून्यावर. म्हणजे एकट्याचाच दोष. दिवे लावले, फरक नाही. मग टाकीकडून येणारी तार सोडवून तिचं टोक जीपच्या लोखंडाला टेकवलं. काटा टप्प्याटप्प्यानं पार वर गेला. म्हणजे काटा चांगला, तार चांगली, दोष टाकीपाशी. अण्णा जीपच्या बॉनेटला पाठ टेकून उभे होते. मी गाडीखाली शिरलो. टाकीच्या अर्थिंगचा बोल्ट बोटानं फिरत होता. साफ केला, आवळला, बाहेर येऊन चावी फिरवली. काटा अर्ध्यावर येऊन थांबला.

आप्पा वाकून खिडकीतून काट्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "रव्या, आज हात चालला बघ तुझा. हत्यार न घेता दोष काढलास. मिस्त्री झालास." आणि जरा थांबून, "थांब सिदू, वाटंला भाकरी बांधून आणतो." ते घराकडं गेले ते चक्क भरभर गेले.

चाळिशी उलटलेला माणूस मी, आणि बापाच्या एका वाक्यानं डोळे भरून यायची वेळ आली. तेवढ्यात अण्णा बॉनेटपासून बाजूला झाले आणि जीपमध्ये चढायला वळले.

त्यांच्या नव्या सदऱ्याची अख्खी पाठ मातीनं भरलेली होती. दोन्ही खांद्यांमागं तांबडी माती, आणि खाली ऑइलचा एक डाग. गाडीखाली उताणा निजल्याशिवाय पाठ अशी भरत नाही. तो बोल्ट बोटानं का फिरत होता हे मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "अण्णा, थांबा." पुढं झालो आणि दोन्ही हातांनी त्यांची पाठ झाडायला लागलो. ते गुमान उभे राहिले. मान वळवून बघितलंसुद्धा नाही. आप्पा यायच्या आत सगळी माती निघायला हवी होती, म्हणून मी जोरजोरात झाडत होतो. तेवढ्या वेळात मी त्यांच्यावर जितका जळलो तितका अकरा वर्षांत जळलो नव्हतो. काटे मला आज ना उद्या जमले असते. हे मला कधी सुचलं नसतं.

आप्पा भाकरीचं गाठोडं घेऊन आले. अण्णांनी ते घेतलं, सीटवर ठेवलं आणि म्हणाले, "तुमच्या पोरानं काढला म्हणून. मला काय घावला नसता."

"त्येच म्हणतो मी," आप्पा म्हणाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

जीप दहिवडीच्या रस्त्याला लागली. मागं शेळी तोल सावरत उभी होती. आप्पा हात हलवत होते. मला त्यांच्याकडं बघवलं नाही. तळहात मातीनं भरले होते, ते मी पँटला पुसत राहिलो.